मस्जिद बंदर ते भायखळा : ज्यू मुंबईची पायी फेरी आखताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याच्या एका सोसायटीतली 22 माणसं, त्यांत सत्तरीपुढच्या दोन आजी आणि तीन शाळकरी मुलं. येत्या थंडीत एका शनिवारी सकाळी मुंबईतली सगळी ज्यू ठिकाणं चालत पाहायचा बेत आहे : काळा घोडा, मस्जिद बंदर, डोंगरी, भायखळा आणि सात रस्ता. हे तीन तासांत होईल का, परवानगी लागते का, आणि इस्रायल मोहल्ल्यात, म्हणजे मांडवी-डोंगरीकडच्या जुन्या ज्यू वस्तीत, आता पाहण्यासारखं काही उरलंय का?

तीन तासांत पाच ठिकाणं होणार नाहीत. परवानगी लागते. आणि हो, उरलंय. पण सगळ्यात आधी शनिवार बदला.

शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागतो आणि शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत चालतो. शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनालयात, आठवड्यातली मोठी प्रार्थना असते. त्या दिवशी धार्मिक माणूस पैसे हाताळत नाही, लिहीत नाही, दिवा लावत-विझवत नाही. म्हणजे तुमची देणगी कुणी घेणार नाही, नोंदवहीत सही होणार नाही, फोटो तर नाहीतच. आपल्याला शनिवार सोयीचा वाटतो कारण सुट्टी असते. त्यांची सुट्टी आपल्या सुट्टीपेक्षा फार जुनी आणि फार कडक आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांचे मोठे सण ओळीने येतात आणि तारखा दर वर्षी सरकतात, म्हणून ते तीन-चार आठवडेही सोडलेले बरे.

रविवार घ्या, सकाळी साडेआठची वेळ. याला दुसरं कारण बाजाराचं. मस्जिद बंदरची मांडवी म्हणजे सुका मेवा, मसाले, साखर, चहा यांचा घाऊक बाजार. आठवड्याच्या दिवशी दहानंतर तिथे हातगाडी, टेम्पो आणि डोक्यावर गोणी घेतलेला हमाल यांच्यातून वाट काढायची म्हणजे फेरी राहत नाही, कसरत होते. रविवारी बहुतेक पेढ्या बंद असतात, रस्ता दिसतो, इमारतींचे वरचे मजले दिसतात. शुक्रवारची दुपार आणि रमझानच्या संध्याकाळी या भागात वेगळी गर्दी असते. त्या वेळा टाळा. रविवारची एकच अडचण म्हणजे मेगाब्लॉक. आदल्या दिवशी पाहून ठेवा. मस्जिदला जलद गाड्या थांबत नाहीत, त्यामुळे ठाण्याहून धीमी गाडीच पकडायची.

आता ठिकाणांबद्दल. तुमच्या यादीत दोन वेगळे समाज एकाच पिशवीत पडलेत. बेने इस्रायल हे कोकणातले, शतकानुशतकं इथले, घरात मराठी बोलणारे. बगदादी हे एकोणिसाव्या शतकात बगदाद, बसरा वगैरे भागांतून व्यापारासाठी आलेले. आधी अरबी बोलणारे, पुढे इंग्रजी. ससून हे श्रीमंत व्यापारी घराणं यांतलं. काळा घोड्याजवळचं केनेसेथ एलियाहू (1884) आणि भायखळ्याचं मागेन डेव्हिड (1861) ही बगदाद्यांची. मस्जिद बंदर आणि डोंगरीतली दोन बेने इस्रायलांची. या दोन समाजांत नेहमी गोडी होती असंही नाही. 1836 मध्ये बगदादी मंडळींनी मुंबईच्या ज्यू दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्रायलांच्या थडग्यांमध्ये भिंत घालून द्या असा अर्ज सरकारकडे केला होता. हे माहीत नसलं की माणूस भायखळ्याचं भव्य निळं सिनेगॉग पाहतो, ससूनची श्रीमंती ऐकतो आणि मुंबईचे ज्यू म्हणजे तेच असं समजून घरी जातो. तेलाचा घाणा चालवणारा, शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून गावात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाणारा माणूस त्या चित्रात कुठेच नसतो.

म्हणून माझा सल्ला : एका सकाळी तीनच सिनेगॉग. मस्जिदचं शार हारहामीम (समाजाच्या भाषेत ‘जुनी मशीद’), डोंगरीचं शारे रासोन (‘नवी मशीद’), आणि शेवटी भायखळ्याचं मागेन डेव्हिड. काळा घोडा दुसऱ्या कुठल्या दिवशी करा, तो फोर्टच्या फेरीत नीट बसतो. सात रस्त्याचं टिफेरेथ इस्रायल आणि आग्रीपाड्याचं मागेन हसिदिम ही वस्ती पुढे सरकल्यानंतरची ठिकाणं; त्यांचा उल्लेख भायखळ्यात उभं राहून करता येतो.

मस्जिद स्थानकाच्या पश्चिमेला बाहेर पडा आणि पहिली पंधरा मिनिटं तिथेच घालवा. स्थानकाचं नाव ही पहिली गोष्ट. बेने इस्रायल आपल्या प्रार्थनालयाला ‘मशीद’ म्हणत, आणि स्थानकाचं नाव त्यांच्या जुन्या मशिदीवरून पडलं असं सांगतात. गटाला सांगताना ‘सांगतात’ हा शब्द ठेवा. त्यांच्या उपासांच्या नावांतही ‘रोजा’ आहे आणि सणांच्या नावांत ‘सण’ आहे. शेजारी कोण होते ते भाषेत असं राहून जातं.

तिथून सॅम्युअल स्ट्रीटवरचं शार हारहामीम, म्हणजे ‘दयेचं द्वार’, पाच मिनिटांवर. 1796 मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी ते स्थापन केलं. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग. आजची वास्तू नंतरची, 1860 च्या सुमाराची. दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते, दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात टिपूच्या कैदेत पडले आणि जिवंत सुटून आले. समाजात सांगितली जाणारी कथा अशी की, तुम्ही कोण असं विचारल्यावर त्यांनी ‘बेने इस्रायल’ असं उत्तर दिलं, टिपूच्या आईने कुराणात या लोकांचा उल्लेख आहे हे ओळखलं आणि त्यांचा जीव वाचला. सुटकेचा नवस म्हणून हे प्रार्थनालय. ही कथा जरूर सांगा, पण कथा म्हणून. मुलांना ती लगेच लक्षात राहते आणि नावाचा अर्थही कळतो : दया कुणाची, द्वार कशाचं.

याच माणसाचं मराठी नाव सामाजी हसाजी दिवेकर. इथे थांबून नावं उलगडा, हा फेरीतला सगळ्यात रंगणारा भाग असतो. सॅम्युअलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी, अब्राहमचा अबाजी. आडनावं सरळ गावांची : पेणकर, रोहेकर, किहीमवरून केहीमकर, झिराडकर, अष्टमकर, नवगावकर, चौलचे चेऊलकर. अलिबाग-पेण-रोह्याकडचं कुणी गटात असलं की त्याला हा नकाशा तोंडपाठ असतो, त्याच्याच तोंडून तो येऊ द्या. समाजाची परंपरा सांगते की अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून हा समाज वाढला. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही मंडळी कंपनीच्या फौजेत, गोदीत, सुतारकामात, कारकुनीत रुजू व्हायला मुंबईला येऊ लागली आणि मांडवी-डोंगरी-उमरखाडीत स्थिरावली.

आत शिरताना दाराच्या उजव्या चौकटीकडे बघा. खांद्याच्या उंचीवर एक बोटभर-दोन बोटं लांबीची डबी ठोकलेली असते. हा मेझुझा. आत चर्मपत्राची गुंडाळी, तिच्यावर ‘शेमा इस्रायल’, म्हणजे ऐक इस्रायला, परमेश्वर एक आहे, हा पाठ हाताने लिहिलेला. येणारा-जाणारा डबीला बोटं लावून ती ओठांना टेकवतो. गटातल्या लोकांनी अनुकरण करू नये, फक्त पाहावं. पुरुषांनी डोकं झाकायचं. टोपी नसेल तर स्वच्छ मोठा रुमाल चालतो, पण बारा जणांपैकी चार जण तो हमखास विसरतात, म्हणून चार जादा रुमाल आयोजकाच्या पिशवीत हवेत. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे सगळ्यांनीच घालावेत.

आत गेल्यावर आधी दिशा सांगा, मग वस्तू. प्रार्थना जेरुसलेमकडे तोंड करून होते आणि जेरुसलेम मुंबईच्या पश्चिमेला, म्हणून तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी, ठेवण्याचं कपाट पश्चिमेच्या भिंतीत. या कपाटाला हेखाल म्हणतात. एवढं सांगितलं की भारतातल्या कुठल्याही सिनेगॉगमध्ये माणूस स्वतःची दिशा स्वतः लावतो. मध्यभागी कठडा असलेला उंचवटा म्हणजे तेबा. तिथून हज्जान प्रार्थना म्हणतो. हेखालसमोर अखंड दिवा. बायकांची बसण्याची जागा वेगळी, बहुतेक ठिकाणी वरच्या सज्जावर. आणि एक रिकामी खुर्ची : ती संदेष्टा एलियाहूची, सुंतेच्या विधीला वापरतात. दमलेला पाहुणा नेमका तिच्यावरच बसतो, म्हणून आत शिरायच्या आधीच सांगून ठेवा.

तोरा पाहायला मिळेल असं गटाला आधी वचन देऊ नका. काळजीवाहूंनी आपणहून हेखाल उघडलं तर दोन-तीन पावलं मागे उभं राहून पाहावं. सेफार्दी, म्हणजे स्पेन आणि मध्यपूर्वेकडच्या ज्यूंच्या, रिवाजाप्रमाणे इथे गुंडाळी लाकडी किंवा धातूच्या उभ्या पेटीत असते, वर चांदीच्या घुंगरांची दोन डाळिंबं. पेटी उभीच ठेवून उघडतात आणि वाचतात. चर्मपत्राला हात लावायचा नसतो. वाचणारासुद्धा बोट न टेकवता चांदीच्या दर्शकाने ओळ दाखवतो, कारण हाताच्या तेलाने-घामाने शाई उखडते आणि एक अक्षर तुटलं तरी ती गुंडाळी दुरुस्त होईपर्यंत वाचनातून बाद होते.

मराठी माणसाला इथे आपलं काय, याचं उत्तर सणांच्या जुन्या नावांत आहे. नववर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, तो ‘दरफाळणीचा सण’, दारं लावून घेण्याचा, कारण त्या दिवशी घर बंद करून उपास आणि प्रार्थना. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाची आठवण म्हणून धरायचा उपास तो ‘बिरड्याचा रोजा’, बिरड्यावरून. ही नावं हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना नोंदवून ठेवली, हे आपलं भाग्य. हागादाह, म्हणजे वल्हांडणाच्या (पासोव्हरच्या) रात्री वाचायचं पुस्तक, मुंबईत 1846 मध्ये आणि पुण्यात 1874 मध्ये मराठी अर्थासह छापलं गेलं. 1880 च्या सुमाराला याच समाजात कीर्तन सुरू झालं : पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी सगळं आपलं, आख्यान अब्राहमचं किंवा योसेफाचं. गटात कीर्तन ऐकणारं कुणी असेल तर इथे पाच मिनिटं जादा ठेवा. भिंतींवर स्मरणाच्या नि देणगीच्या पाट्या दिसल्या तर मुलांना मराठी अक्षरं शोधायला लावा.

जुन्या मशिदीत चाळीस मिनिटं पुरतात. पुढचा टप्पा टनटनपुरा स्ट्रीटचं शारे रासोन, 1840 च्या दशकातलं, म्हणून समाजाच्या तोंडी ‘नवी मशीद’. मधे इस्रायल मोहल्ला. चालायला दहा-बारा मिनिटं, गट असेल तर वीस धरा. ‘उरलंय का’ हा तुमचा प्रश्न इथलाच आहे. घरं ज्यू म्हणून ओळखता येतील अशी कधीच वेगळी नव्हती; तीच चाळ, तोच लाकडी जिना, तेच कठडे. शेजारी मुसलमान, गुजराती, मराठी. युरोपातल्या ज्यू वस्त्यांसारखी भिंत आणि दरवाजा इथे नव्हता, कारण कोंडून ठेवण्याचा प्रसंगच कधी आला नाही. गट रिकाम्या हाताने आला असं वाटू नये म्हणून ही नसलेली भिंतच नीट सांगायला हवी. वस्ती गेली ती टप्प्याटप्प्याने : आधी नागपाडा-भायखळा-आग्रीपाडा अशी उत्तरेकडे, मग तुमच्या ठाण्याकडे, आणि 1948 नंतर बहुसंख्य इस्रायलला. स्वातंत्र्याच्या वेळी वीसेक हजार असलेला बेने इस्रायल समाज आता भारतात काही हजारांवर आलाय. तिकडे गेल्यावरही 1960 च्या दशकात त्यांना लग्नाच्या बाबतीत आपलं ज्यूपण सिद्ध करावं लागलं. आंदोलन झालं आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेने त्यांना पूर्ण बरोबरीचं मानलं. हे नव्या मशिदीच्या आवारात उभं राहून सांगावं, रस्त्यात नको.

रस्त्यात बोलायचंच नाही, असा नियम ठेवा. अरुंद गल्लीत मार्गदर्शक बोलायला थांबला की गट अर्धवर्तुळ करतो, वाट अडते, हातगाडीवाला ओरडतो, आणि दुकानदाराच्या दारात अनोळखी बारा माणसं उभी राहतात. बोलणं आवारात, चालणं रस्त्यात. म्हणूनच मी बारापेक्षा जास्त माणसं एका वेळी नेत नाही. तुमचे 22 आहेत तर अकरा-अकराच्या दोन तुकड्या करा आणि दुसरी तासाभराने सोडा, किंवा दुसऱ्या रविवारी. पुढे एक जाणता, मागे एक. मागच्याने कुणालाही आपल्यामागे राहू द्यायचं नाही. ध्वनिक्षेपक नको. गल्लीतल्या माणसांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत.

नव्या मशिदीतून भायखळा चालत दोन किलोमीटर. तरुण गट चालू शकतो, पण मोहम्मद अली रोड आणि पुलाखालचा तो पट्टा उन्हात कंटाळवाणा आहे आणि विषयाला काही देत नाही. तुमच्या आजींसाठी काळीपिवळी घ्या. अकरा-बारा जणांना तीन गाड्या. सर जे. जे. रोडवर मागेन डेव्हिडसमोर उतरा.

इथे एकदम मोकळं आवार, उंच खांबांचा दर्शनी भाग, घड्याळाचा मनोरा आणि तो निळा रंग. मस्जिदच्या दाटीतून आल्यावर डोळे विस्फारतातच, म्हणून हे शेवटी ठेवायचं. आधी ठेवलं तर जुनी मशीद लोकांना फिकी वाटते. डेव्हिड ससून 1832 च्या सुमाराला मुंबईत आले. कापूस, कापड आणि चीनला जाणारी अफू यांवर पैसा उभा राहिला. अफू वगळून ससूनची गोष्ट सांगू नका, शाळकरी मुलांनाही. त्याच पैशातून रुग्णालयं, ग्रंथालय, शाळा आल्या, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. 1910 मध्ये जेकब ससून यांनी हे सिनेगॉग वाढवलं. आवारातल्या ससून शाळांमध्ये आज आसपासच्या मुसलमान वस्तीतली मुलं मोठ्या संख्येने शिकतात. हे मुद्दाम दाखवा.

वेळ आणि पाय शिल्लक असतील तर टॅक्सीने राणीचा बाग. तिथला घड्याळाचा मनोरा डेव्हिड ससून यांच्या नावाचा, आणि मूळ काळा घोडा, म्हणजे अल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला सातव्या एडवर्ड राजाचा अश्वारूढ पुतळा, तोही तिथेच आहे. 1965 मध्ये तो फोर्टातून हलवला. मुलांचा दिवस इथे गोड होतो, आणि घरी जायला भायखळा स्थानक जवळ.

परवानगीचं तंत्र. निदान दोन आठवडे आधी प्रत्येक सिनेगॉगच्या विश्वस्तांना वेगळं पत्र : तारीख, वेळ, माणसांची संख्या, कुठून येताय, कशासाठी. सोबत नावांची यादी आणि ओळखपत्रांच्या प्रती. गटात परदेशी नागरिक असेल तर पासपोर्टची प्रत. त्या दिवशी मूळ ओळखपत्र प्रत्येकाच्या खिशात हवं. 26 नोव्हेंबर 2008 ला कुलाब्याच्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, तेव्हापासून सगळ्याच ज्यू ठिकाणी बंदोबस्त आहे. दारातल्या पोलिसाशी वाद घालून काही मिळत नाही. आदल्या दिवशी पुन्हा फोन करा. फसतं ते बहुधा इथेच : पत्र गेलेलं असतं, पण चावी ज्याच्याकडे आहे त्याला कुणी कळवलेलं नसतं. एखादं लग्न, मलिदा किंवा श्राद्धाची प्रार्थना अचानक ठरू शकते. तसं झालं तर निमूट परत फिरायची तयारी ठेवा आणि क्रम बदला. देणगी प्रत्येकी शंभर-दोनशे धरून गटाची एकत्र, पाकिटात, निघताना. काळजीवाहूचा वेगळा विचार करा, रविवारी सकाळी तो तुमच्यासाठी आलेला असतो.

मलिद्याचं नाव निघालं म्हणून : गोड पोहे, ओला नारळ, फळं यांचं ताट एलियाहू हानाबी, म्हणजे संदेष्टा एलियाहू, याच्या नावाने ठेवून प्रार्थना करतात, नवस फिटला, लग्न ठरलं, नवं घर घेतलं की होतो. तो प्रसाद आहे. ‘चाखायला मिळेल का’ असं विचारू नका. योग असेल तर हातावर आपोआप येतो. बाहेरचं खाणं मात्र आत मुळीच नेऊ नका, बंद डबाही नाही, कारण त्यांचे कोशेरचे, म्हणजे काय खावं नि कसं याचे, धार्मिक नियम आहेत.

समाजातलं कुणी भेटलं तर ‘तुम्ही किती उरलात’ आणि ‘तुम्ही इस्रायलला का नाही गेलात’ हे दोन प्रश्न गटाला आधीच बजावून बंद करा. ज्याचं घर सात-आठ पिढ्या इथे आहे त्याला तो इथे का आहे हे विचारणं दुखावणारं असतं. ‘तुमचं गाव कोणतं’ विचारा. उत्तर मराठीतच येईल, बहुधा रायगड जिल्ह्यातलं असेल आणि मग बोलणं थांबणार नाही.

आजींसाठी दोन गोष्टी. स्वच्छतागृहाची सोय वाटेत भरवशाची नाही, म्हणून गाडीत बसण्याआधी ठाण्यालाच आटपा आणि फेरी साडेतीन तासांच्या पुढे नेऊ नका. सज्जाचे जिने अरुंद आणि चढे असतात. त्यांनी खाली बसून राहावं, तिथूनच हेखाल सगळ्यात नीट दिसतं.

ही फेरी आवडली तर पुढची थेट मुळाकडे न्या : अलिबागची इस्रायल आळी आणि तिथलं मागेन अबोथ (1848, आजची वास्तू 1910 ची), नवगावची जुनी दफनभूमी, मग रेवदंड्याचं बेथ एल. त्याला पूर्ण दिवस लागतो. गेटवेहून मांडव्याच्या छोट्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, म्हणून दिवाळीनंतरची तारीख धरा. आणि दरम्यान ठाण्यातलंच, तुमच्या टेंभी नाक्याजवळचं 1879 चं शार हाशामाइम बघून या. पत्र लिहायचं, चावीवाल्याला फोन करायचा, टोप्या मोजायच्या, हा सगळा सराव घराजवळ होईल.